लोकापूरच्या माळावर पोवळं बघायला निघालात, तर हे आधी वाचा

कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात लोकापूर आहे. त्या लोकापूरच्या माळावर पोवळं नाही. एक तुकडासुद्धा नाही. 'समुद्र न बघता कोरल रीफ बघा' असा मेसेज तुमच्याही मोबाईलवर फिरत आला असेल. वर दगडाचा फोटो, खाली गाडीवाल्याचा नंबर. फोटो खरा आहे, जागाही खरी आहे, पण त्यात पोवळं म्हणून जे दाखवतात ते पोवळं नव्हे. आणि 'गाडी थेट दगडापर्यंत जाते' हे तर साफ खोटं आहे.

तरीही जा. मी चिडून परत आलो, दोन दिवस पाय सुजले होते, पैसे जास्तीचे गेले, आणि तरीही सांगतो, जा. फक्त कशासाठी जायचं आणि कसं जायचं ते नीट समजून घेऊन जा.

आम्ही तिघं होतो. मी, माझा मेव्हणा आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची. ती भूगर्भशास्त्र शिकते. तिला मेसेज दाखवला तेव्हाच म्हणाली होती, "मामा, कलादगीच्या खडकात पोवळं कुठलं?" कलादगी म्हणजे त्या भागातल्या जुन्या दगडी थरांचं शास्त्रातलं नाव. मी म्हटलं, फोटो बघ की, कोबी कापल्यासारख्या गोल गोल रेघा आहेत. ती गप्प बसली आणि पिशवीत भिंग, चाकू आणि ड्रॉपरची छोटी बाटली टाकून आली.

आदल्या दिवशी गोकाकचा धबधबा आणि झुलता पूल केला. पाणी भरपूर, रस्ता बरा, करदंट घेतला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, कोणीही जाऊन येऊ शकतं. पण एवढं करा, धबधब्याच्या वरच्या खडकावर पायाखाली बघा. तो काळा पाषाण नाही, कठीण वालुकाश्म आहे, आणि त्याच्यावर ओहोटीनंतर वाळूत उठतात तशा लाटांच्या वळ्या जागोजागी उमटलेल्या आहेत. भाचीनं माझा हात धरून बोटं त्या वळ्यांवरून फिरवली. "हा किनारा आहे मामा. उद्या आपण ह्याच समुद्रात आत जायचं." हे वाक्य दुसऱ्या दिवशी मला पुरलं.

आता गाडीचं. बेळगावहून पहाटे निघून रात्री परत, सगळं मिळून ४,२०० रुपये ठरले होते. परत आल्यावर ६,८०० मागितले. थांबल्याचे वेगळे, कच्च्या रस्त्याचे वेगळे, 'जागा दाखवल्याचे' वेगळे. जागा त्यानं दाखवलीच नव्हती! शेवटचे साडेतीन किलोमीटर आम्ही विचारत विचारत चालत गेलो. अर्धा तास वाद घालून ५,५०० वर मिटवलं, ते सुद्धा भाची दमली होती म्हणून. असली 'पॅकेज' गाडी घेऊ नका. बेळगावहून यरगट्टीमार्गे बागलकोटकडं जाणारी लाल बस धरा, लोकापूरला उतरा, शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांनी ओळखपत्र जवळ ठेवलं तर साध्या बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत. लोकापुरात उतरून रिक्षा करा, जायचे आणि यायचे पैसे मिळून एकच आकडा ठरवा, तो आकडा कागदावर लिहा आणि ड्रायव्हरला वाचून दाखवा. कन्नड येत नसलं तरी आकडा सगळ्यांना वाचता येतो.

बेळगाव सोडल्यावर खिडकीतून बघत राहा. शहराखाली आपला काळा पाषाण आणि त्याच्यावर जांभा. यरगट्टी-सौंदत्तीच्या बाजूला गेलं की तो संपतो आणि फिकट तांबूस, वरून सपाट डोंगर सुरू होतात. तेच गोकाकचे दगड. त्याच्यावर मातीचे, पाटीसारखे पापुद्रे निघणारे थर, आणि त्याच्यावर चुनखडक आणि त्याच्याच जातीचा डोलोमाइट. आधी किनाऱ्याची वाळू, मग चिखल, मग चुना. समुद्र हळूहळू जमिनीवर चढत आत आला त्याचा हा क्रम. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या साहेबानं हा सगळा मुलूख पालथा घालून १८७६ साली त्याचा अहवाल छापला, त्या काळी ह्या भागाला दक्षिण महाराष्ट्र म्हणत. आजही शास्त्राच्या पुस्तकात ह्या थरांना आपल्याच गावांची नावं आहेत. रामदुर्ग, सौंदत्ती, मनोळी, यरगट्टी, लोकापूर. मी पन्नाशी ओलांडली, ह्या गावांना लग्नाला गेलो, यल्लम्माला गेलो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ते साडेतीन किलोमीटर. ह्याच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही.

पहिला किलोमीटर खाणीचा रस्ता. टिप्पर सतत ये-जा करतात, पांढरी धूळ इतकी की पुढचा माणूस दिसत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधा आणि टिप्पर आला की रस्ता सोडून शेतात उतरा, तो थांबत नाही. मग ओढा लागतो, तिकडे हळ्ळ म्हणतात. आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो होतो, चार दिवसांपूर्वी पाऊस झालेला. आमचा गाडीवाला तर खाणीच्या रस्त्याच्या तोंडाशीच काच खाली करून "होगूदिल्ल री", म्हणजे जाणार नाही, म्हणाला आणि सीट मागं टाकून झोपला. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं, पण पलीकडं काळं रान. ज्यांनी ओल्या काळ्या मातीतून चाल केली नाही त्यांना सांगतो, प्रत्येक पावलाला बुटाखाली माती चढत जाते, वीस पावलांत एकेक पाय किलोभर जड होतो, काडीनं खरवडायचं, परत वीस पावलं. पाऊण किलोमीटरला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. मेव्हण्याच्या चप्पलचा अंगठा तिथंच तुटला.

त्याच्यापुढं माळ. लांबून सपाट दिसतो, पण तो खडक उन्हापावसानं झिजून हत्तीच्या कातडीसारखा भेगाळलेला आहे, आणि भेगांच्या कडा धारदार आहेत. एकदा हात टेकवला तर तळव्याला चार चिरा पडल्या. मधे वेडी बाभूळ आहे, तिचा काटा पातळ तळव्यातून सरळ आत येतो. दुपारी बाराला फिकट दगडावरून ऊन परत तोंडावर मारतं, टोपीचा उपयोग नाही. सावली शून्य. पाणी माणशी तीन लिटर न्या, आणि त्याशिवाय आणखी दोन लिटर वेगळं न्या. ते कशाला ते पुढं सांगतो. जाड तळव्याचे बूट नसतील तर घरी राहा. हे मी रागानं लिहीत नाही.

निष्कर्ष असा. जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य, एवढेच दिवस जाण्याचे. पाऊस होऊन दोन महिने झालेले असावेत. सकाळी साडेसातच्या आत माळावर पोहोचा आणि दहाला परत फिरा. तिरप्या उन्हात दगडाच्या रेघा उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं एकजात राखाडी होतं. आम्ही सव्वाअकराला पोहोचलो आणि पहिली दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. मेव्हणा खाली बसला. म्हणाला, "एवढ्यासाठी?"

भाचीनं काही न बोलता बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं.

कोरडा असताना तो नुसता धुळकट फरशीसारखा होता. ओला झाला तसा गडद झाला आणि आतून रेघा वर आल्या. जाड-बारीक, जाड-बारीक, एकावर एक, सगळ्या वरच्या बाजूला फुगलेल्या. उलटी ठेवलेली वाटी, तिच्यावर जरा मोठी वाटी, तिच्यावर आणखी मोठी, अशा शंभर वाट्या. एक घुमट माझ्या दोन हातांच्या कवेत मावेल एवढा, त्याला लागून दुसरा, मधल्या खाचेत बारीक खडे भरलेले. पुढं ओतलं, तिथं बोटाएवढे खांब निघाले, काही वर जाऊन दोन फांद्यांत फुटलेले. म्हणून ते दोन लिटर पाणी. नाहीतर तुम्ही त्यावर उभे राहाल आणि न बघता परत याल. पाण्याशिवाय दुसरं काही वापरू नका, खडूनं रेघा ओढू नका.

मी म्हटलं, हेच की पोवळं. तिनं भिंग माझ्या हातात दिलं. "पोवळं असतं तर खोल्या दिसल्या असत्या, मामा." मग तिनं समजावलं. पोवळ्याचा प्राणी मऊ असतो, स्वतःभोवती चुन्याचा पेला बांधतो आणि पेल्यात मध्याकडं जाणाऱ्या उभ्या भिंती घालतो, लिंबाची चकती कापल्यावर दिसतात तशा. प्राणी मेला तरी त्या भिंती राहतात. त्यामुळं पोवळ्याच्या दगडाला भिंग लावलं की चांदण्यांसारखे ठसे मिळायला हवेत. इथं एकही नाही. नुसते पापुद्रे. नंतर ड्रॉपरमधून विरळ आम्लाचा थेंब टाकला, दगड जवळजवळ गप्प. चाकूनं खरवडून भुकटी केली, परत थेंब टाकला, तर भुकटी फसफसली. साधा चुनखडक असता तर पहिल्याच थेंबाला फसफसला असता. हा डोलोमाइट, चुन्यात मॅग्नेशियम शिरलेलं. हे आम्ही सुट्या पडलेल्या एका खड्यावर केलं. तुम्हीही जागेवरच्या खडकाला चाकू लावू नका.

ह्या दगडाला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. बांधणारे होते डोळ्यांना न दिसणारे नील-हरित जिवाणू. विहिरीच्या पायरीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो ना, तसा थर उथळ समुद्राच्या तळावर पसरायचा. तो चिकट असतो. लाटेनं आणलेला बारीक चुन्याचा गाळ त्याला चिकटायचा. शिवाय उजेडात हे जिवाणू पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळं विरघळलेला चुना तिथंच बसतो. गाळानं झाकलं गेलं की उजेडासाठी ते वर सरकायचे, नवा थर, परत गाळ, परत वर. एकेक रेघ म्हणजे त्यांचं एकेकदा वर सरकणं. मी पाणी ओतलेला हातभर उंचीचा घुमट किती वेळा सरकून उभा राहिला असेल! आणि हे सगळं शंभर कोटी वर्षांहून जुनं. तेव्हा पोवळं सोडाच, शंख, मासा, गोगलगाय, काहीच नव्हतं. जगातलं पहिलं पोवळं जन्मायला अजून निदान पन्नास कोटी वर्षं होती.

मेव्हणा उठून उभा राहिला होता. मला विचाराल तर मेसेज लिहिणाऱ्यानं खोटं सांगून ह्या जागेची किंमत कमी केली. पोवळ्याचे खडक जगात पुष्कळ आहेत. हे त्यांच्या आधीचे आहेत.

परतीच्या वाटेवर, त्याच चिखलात, भाची बोलत होती आणि मी ऐकत होतो. दम लागत होता, पण ऐकणं थांबवावंसं वाटलं नाही. रीफ म्हणजे समुद्राच्या तळावर जिवांनी उभा केलेला दगडी बांध. तो बांधणारे मात्र बदलत गेले. आधी हे जिवाणू, त्यांचे जुने नमुने ऑस्ट्रेलियात सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मग चरून खाणारे प्राणी आले आणि त्यांनी हे थर खाऊन टाकले. आज असे जिवंत घुमट पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेसारख्या मोजक्या ठिकाणी उरलेत, कारण तिथलं पाणी इतकं खारट की चरणाऱ्या गोगलगाई फारशा टिकत नाहीत. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी स्पंजासारख्या आर्किओसायथ नावाच्या जिवांनी बांध घातले, ते लवकर संपले. मग जुन्या जातींची पोवळी आणि दाट सांगाड्याचे स्पंज आले, ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास त्यांचे प्रचंड रीफ होते, आणि तेही कोसळले. २५.२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातलं बहुतेक जीवन गेलं, त्यात ती जुनी पोवळी साफ संपली. नंतर काही लाख नव्हे, कित्येक दशलक्ष वर्षं समुद्रात पोवळ्याचा रीफच नाही. आजच्या पोवळ्यांचं घराणं त्यानंतर, साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी वर आलं. मधे डायनासोरांच्या शेवटच्या काळात उबदार समुद्रात रुडिस्ट नावाच्या मोठ्या शिंपल्यांनी बांध घातले, ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबरच गेले.

त्या आकड्याला मी थांबलो. ६.६ कोटी म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचाही काळ. "तेच सांगते की," ती म्हणाली. बेळगावच्या खाली जो लाव्हा आहे तो पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून वर आला, ती आज रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा तुकडा उत्तरेला सरकत गेला आणि मागं समुद्रात त्याच आगीच्या डोंगरांची रांग राहिली. ते डोंगर थंड झाले, खचले, पाण्याखाली गेले, आणि पोवळी त्यांच्या माथ्यावर बांधत वर येत राहिली. तेच लक्षद्वीप. डार्विननं १८४२ साली हेच मांडलं होतं. ज्वालामुखीचं बेट खचत जातं, आधी किनाऱ्याला चिकटलेला रीफ, मग बेट आणि रीफ यांच्यात पाणी, शेवटी बेट बुडतं आणि पोवळ्याचं कडं तेवढं राहतं. लोकांनी शंभर वर्षं वाद घातला. १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर भोक पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त पोवळ्याच्या चुनखडकाखाली काळा पाषाण लागला. मला हे फार मोठं वाटलं. आपल्या अंगणातल्या विहिरीत जो दगड लागतो, त्याचा भाऊबंद लक्षद्वीपच्या पोवळ्यांना खांद्यावर घेऊन बसलाय.

समुद्र स्वतःही वर-खाली होतो. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पाणी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होतं. तेव्हाचे रीफ उघडे पडून पावसानं झिजले. बर्फ वितळून पाणी चढलं तसं पोवळ्यांना त्याच्याबरोबर चढावं लागलं, कारण त्यांच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाला उजेड लागतो. ज्यांना जमलं ते आज लाटेला लागून आहेत, नाही जमलं ते खोल राहिले. ह्या सगळ्यातून पोवळी तरली, आणि आता उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद अंश जास्त गरम पाणी काही आठवडे राहिलं की ती शेवाळाला बाहेर टाकतात, पांढरी पडतात आणि पुष्कळदा मरतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली असं झालं. मालवणला तोंडाला नळी लावून पोवळी बघायला आपल्याकडचे शेकडो लोक जातात. त्यांच्यावर पाय ठेवून फोटो काढतात. कृपा करून ठेवू नका.

खाणीच्या तोंडाशी एक पोरगा पॉलिश केलेला तुकडा विकत होता, आठशे रुपये, 'पोवळं सर, लकी स्टोन.' घेऊ नका. तुम्ही घेतला की उद्या माळावरचा एक घुमट फुटणार. म्हणूनच मी माळाजवळच्या नेमक्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. लोकापुरात उतरून चुन्याच्या दगडाचा माळ विचारा, 'सुण्णद कल्लु' म्हणा, लोक वाट दाखवतात. हातोडा घेऊन जाणार असाल तर जाऊच नका.

जेवण लोकापुरातच उरकून घ्या, पुढं चहाची टपरीसुद्धा नाही. कडक भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, पोटभर मिळतं आणि वाजवी मिळतं.

ओढा ओलांडायच्या आधी डाव्या हाताला एका अज्जाचं रान आहे, ज्वारीचं. जाताना वाट त्यांनीच दाखवली आणि परत येताना आमची अवस्था बघून "मज्जिगी कुडीरी" म्हणत ताकाचा तांब्या पुढं केला. पैसे काढले तर हात जोडले. त्यांच्या बांधावर तिसरा मोठा दगड आहे, भाची त्याच्यापाशी थांबली आणि उरलेलं पाणी त्याच्यावर ओतलं. वाट्या खालच्या बाजूला फुगलेल्या होत्या. "हा उलटा लावलाय अज्जा," ती म्हणाली, आणि मी तोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. अज्जांनी वाकून, ओल्या दगडावरून अंगठा फिरवून बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, बापानं लावलेला बांध आहे, हलवायचा नाही, पण पोरांना दाखवीन. तुम्ही गेलात तर त्या दगडाला हलवू नका. पाणी ओता आणि डोकं खाली करून बघा.